चार नंबरच्या लूमखाली

मला एक बहीण होती, हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. तेही मुंबईच्या एका म्युझियममध्ये, काचेच्या पेटीपुढे, एका हातात आईच्या चपला आणि दुसऱ्या हातात तिची पाण्याची बाटली धरलेली असताना. अशी गोष्ट ऐकताना माणसाचे हात तरी मोकळे असावेत, असं मला नंतर वाटलं. त्या वेळी काहीच वाटलं नाही. टीव्हीवरच्या मालिकेत सून घर सोडून निघाली तरी माझे डोळे भरून येतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको रुमाल आधीच पुढे करते. पण त्या दिवशी मी फक्त चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

आम्ही म्युझियमला जाणारी माणसं नव्हे. भिवंडीच्या कामतघरची, मूळची खाडीकाठच्या भातशेतीवाली, आणि बापाच्या वेळेपासून यंत्रमागवाली. जाण्याचं एक कारण सांगण्यासारखं होतं आणि एक न सांगण्यासारखं.

सांगण्यासारखं कारण म्हणजे माझी मुलगी. ती कॉलेजात इतिहास शिकते. कशासाठी, ते आमच्या घरात अजून कोणाला कळलेलं नाही, पण विचारायची हिंमतही कोणात नाही. पुणे जिल्ह्यात नदीकाठी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक गाव उकरून काढलं आहे, त्याचं प्रदर्शन लागलं होतं. कॉलेजतर्फे ती तिथे लोकांना माहिती सांगायला उभी राहायची. "घरातलं एक तरी माणूस या," असं ती चार वेळा म्हणाली होती.

न सांगण्यासारखं कारण म्हणजे सोमवार. सोमवारी आमच्या शेडचं खरेदीखत व्हायचं होतं. बापाने घराच्या परसात बांधलेली बारा लूमची शेड. घर नंतर पाडलं, आम्ही मागच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो, शेड तेवढी राहिली. तीन वर्षांपूर्वी लूम भंगारात गेले. आता ती जागा गोडाऊनसाठी द्यायची ठरली होती. कागदावर नावं तीन: आय, दादा आणि मी. दादाची आणि माझी सही तयार. आय म्हणत होती, न्हाय.

चार महिने ती न्हाय म्हणत होती आणि कारण सांगत नव्हती. घरात जेवढी माणसं तेवढी कारणं. वहिनीच्या मते कोणीतरी आयचे कान भरले होते. दादाच्या मते तिला त्या जागेत देऊळ हवं होतं. मी म्हणायचो, तिला आवाजाची आठवण येते. लूम बंद झाल्यावर माझेच कान मोकळे पडले होते, म्हणून मला तसं वाटायचं. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर माणूस शांततेत बहिरा होतो. शेवटी दादाने ते काम माझ्यावर टाकलं.

"तुझ्या तोंडाला आय हसते. तिला गाडीतून ने, बोलत राहा, संध्याकाळपर्यंत हो म्हनव. एवढा एक काम कर आयुष्यात," तो म्हणाला.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण एका परीने ते खरं होतं. आमच्या घराण्यात दादा व्यवहार बघतो आणि मी गोष्टी सांगतो. लग्नाच्या पंगतीत, तेराव्याच्या जेवणाला, कोणाचा आजा कसा झाडावरून पडला ते मीच सांगायचं. त्यामुळे शनिवारी सकाळी मी आयला गाडीत घातलं आणि बोलत सुटलो. मानकोली नाक्यावर कंटेनरच्या मागे पाऊण तास अडकलो, तेवढ्या वेळात मी नवा फ्लॅट, लिफ्ट, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पोरीचं शिक्षण असं सगळं तिच्यापुढे मांडलं. घरात मीही तिच्यासारखाच बोलतो. इथे लिहिताना स्वतःचं बोलणं जरा धुऊन वाळत घातलंय. आय खिडकीतून गोडाऊनच्या भिंती बघत होती.

"झाला बोलून?" तिने विचारलं.

"झालं."

"मंग पानी पी."

म्युझियममध्ये माझी मुलगी दारातच उभी होती. गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. तिने आम्हाला बघितलं आणि म्हणाली, "या, आपलं स्वागत आहे." घरी ती मला "पप्पा, तुम्ही गप्प बसा" याखेरीज फार काही म्हणत नाही. आय तिच्याकडे बघतच राहिली आणि मला हळूच म्हणाली, "आज आंगात काय आलाय हिच्या?"

"ड्युटीवर आहे ती."

"मंग आपुन पन नीट र्‍हायचा," असं म्हणून आयने पदर सारखा केला.

पहिल्याच दालनात जमिनीवर त्या जुन्या गावातल्या घरांचे आराखडे खऱ्या मापाने काढले होते. पांढऱ्या रेघा म्हणजे भिंती. मध्ये चूल, बाजूला धान्याची कणगी, पलीकडे दुसरं घर. एका बाजूची रेघ थोडी तुटलेली, तिथे दार. लोक त्या रेघांवरून सरळ चालत होते. एक बाई तर चुलीत उभी राहून फोटो काढून घेत होती. आय रेघेजवळ थांबली.

"ह्या कोनाची तरी घरा हायेत ना?"

"होती. तीन हजार वर्षांपूर्वी."

"मंग चपला घालून कशी जातात लोका?"

आणि तिने चपला काढल्या. मी त्या उचलल्या, कारण म्युझियममध्ये बेवारशी चपला ठेवायची मला लाज वाटली. मग ती भिंतीवरून न जाता वळसा घालून दाराच्या जागेपर्यंत गेली, तिथून आत शिरली, चुलीला वळसा घातला, आणि त्याच दारातून बाहेर आली. शेजारच्या घरातही तसंच. मागे तीन-चार बायका येत होत्या, कुठल्याशा महिला मंडळाच्या असाव्यात. त्यांनी आयकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं, आणि चपला काढल्या. पाच मिनिटांत त्या रेघेजवळ चपलांची रांग लागली. रखवालदार धावत आला. "अरे, इथे असं काही नाही, चपला घाला," तो म्हणाला. एक बाई त्याला म्हणाली, "असू दे हो भाऊ, तुमचं काय जातंय." माझी मुलगी लांबून हे बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता, की जणू आम्हाला ती ओळखतच नाही.

पुढे काचेत मडकी, तांब्याचे तुकडे, जळलेले दाणे. आयला वाचता येत नाही. ती मला वाचायला लावायची. मी वाचायचो आणि रखवालदार ओठांवर बोट ठेवायचा, कारण लूमवाल्याचा हळू आवाज म्हणजे दुसऱ्यांचा भांडणाचा आवाज. प्रत्येक पाटीवर "कदाचित" लिहिलेलं. हे भांडं कदाचित धान्याचं असावं. हा कदाचित प्रमुखाचा वाडा असावा.

"ह्यांना कायच नक्की म्हायती न्हाय का?" आयने विचारलं.

"जुनं आहे ना. कोण सांगणार?"

एका मोठ्या माणसाचा सांगाडा होता, त्याला पावलं नव्हती. पुरताना घोट्यापासून तोडली होती. पाटीवर होतं, मेलेल्याने गाव सोडून जाऊ नये म्हणून कदाचित. आय त्यापुढे जरा वेळ थांबली. मी म्हटलं, माझे गुडघे बघता माझी पावलं तोडायची गरज पडणार नाही. ती हसली नाही. म्हणाली, "आपली मानसा जवल र्‍हावी असा वाटतंच की."

त्याच्या पुढच्या पेटीत दोन मडकी होती. दोन्हींची तोंडं एकमेकांना लावून आडवी ठेवलेली. एक बाजू उघडी दाखवली होती आणि आत लहान मुलाची हाडं, काड्यांएवढी. मी पाटी वाचली. लहान मुलं वारली की त्यांना अशा जोडमडक्यांत घालून घरातच, जमिनीखाली पुरत. मूल पुन्हा त्याच घरात, त्याच आईच्या पोटी यावं, अशी कदाचित समजूत असावी.

"कदाचित कशाला?" आय म्हणाली. "त्याच्यासाठीच."

मी तिच्याकडे बघितलं.

"पोर भाईर नेऊन पुरला त वाट इसरतं. घरान ठेवला त परत त्याच आयशीकडं येतं. आमच्यात पन तसाच करायचे." मग काचेवरची नजर न काढता, भाजी काय आणायची ते सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "माझी पयली तशीच ठेवलीय. पोरगी व्हती. चार दिवस व्हती."

"कोणाची पोरगी?" मी विचारलं. माझ्या आवाजात. दालनातली शाळेची अख्खी रांग माझ्याकडे वळली.

"बोंबलू नको. माझी. दादाच्या आंगुदर."

"कुठे ठेवलीय?"

"परसान. न्हानीच्या मागं. मंग तुझ्या बापानं शेड बांधली. आता तिथं चार नंबर हाय." लूम जाऊन तीन वर्षं झाली तरी ती हाय म्हणाली.

तेव्हा मला चार नंबर आठवला. रोज पाळी बदलायच्या वेळी आय शेडमध्ये यायची आणि चार नंबरच्या लूमजवळ उभी राहायची. पाच मिनिटं, कधी दहा. कारागीर तिला "चार नंबरवाली अम्मा" म्हणायचे. त्या लूमवरच्या माणसाने मला एकदा कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "भैया, अम्मा को मेरे पे शक है क्या?" मी ते घरी येऊन जेवताना नक्कल करून सांगितलं, सगळे हसले. आयसुद्धा. म्हणाली, त्याला सांग, कापड चांगला निंघतंय.

"बाबांना माहीत होतं?"

"खड्डा त्यानंच खनला ना. शेड बांधताना बोललो त्याला, लूम जरा सरकव. त्यो बोलला, तिथं न्हायच ती, पलीकडं शेवग्याखाली हाय." ती माझ्याकडे वळली. "शेवगा नंतर लावला. मना म्हायती न्हाय का?"

मी काय बोलावं? माझं तोंड, ज्याच्या भरवशावर दादाने मला पाठवलं होतं, ते कोरडं पडलं. मग मी जे बोललो ते आठवलं की मला माझीच कीव येते. मी म्हटलं, "आय, ती आली की परत. तुझी नात. बघ कशी उभी आहे. तीच ती."

आयने माझ्या मुलीकडे नीट बघितलं. "ती तुझ्या बायकोच्या पोटची," ती म्हणाली. "तिच्या आयशीचा हिशोब वेगला. माझ्या पोटाला दादा आला, मंग तू आलास. ती न्हाय आली. म्हनून सही करीत न्हाय. ती यायची राहिली, आन वरती गोडाऊन बांधायचा?"

चार महिने आम्ही शोधत असलेलं कारण हे होतं. बावीस चाकी गाड्या तिच्यावरून जाणार होत्या. मला कळलं, पूर्ण कळलं, आणि आत काही हललं नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण आपलाच गाल चिमटून बघतो, तसं मी आतल्या आत चिमटून बघत होतो.

तेवढ्यात माझी मुलगी शाळेची रांग पुढे पाठवून आमच्याकडे आली. "आपल्याला काही प्रश्न आहेत का?" तिने विचारलं, मग जरा सैल होऊन, "आजी, दमलीस का?"

"एक सांग," आय म्हणाली. "इतक्या बारक्या पोराची हाडा इतकी वर्सा राहतात कशी?"

मुलगी खूश झाली. दिवसभरात तिला कोणी खरा प्रश्न विचारला नसावा. "तिथली माती वेगळी आहे, आजी. काळी, चुन्याची, पाऊस कमी. त्यात हाडं टिकतात. आपल्याकडे कोकणात पाऊस जास्त, माती आंबट. लहान मुलाची हाडं मऊ असतात, ती थोड्या वर्षांत विरघळून मातीच होतात. आपल्या भिवंडीत खणलं ना, तर काहीच सापडणार नाही."

"कायच न्हाय?"

"काहीच नाही."

"बांगडी? काचेची?"

"बांगडी सापडेल कदाचित. मूल नाही."

आयने मान हलवली. मुलीला काही माहीत नव्हतं, तिचा दोष नाही. मला माहीत होतं. मी तिला मध्येच थांबवू शकलो असतो, खुणेने, खोकून, पाण्याची बाटली पुढे करून. नाही थांबवलं. खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझ्या डोक्यात सोमवार होता. हाडं नाहीत म्हटल्यावर आय सही करेल, हे मला मुलीचं बोलणं संपायच्या आधी सुचलं होतं.

आम्ही बाकीचं प्रदर्शन बघितलं. उपाहारगृहात आयने बटाटेवडा खाल्ला, मी दोन खाल्ले. भूक नेहमीसारखीच होती, याचंही मला नवल वाटलं नाही. परत येताना मी बोललो नाही. नारपोलीच्या आत शिरल्यावर आय म्हणाली, "शेडकडून घे."

शेडमध्ये पत्र्याच्या फटींतून ऊन पडलं होतं. जमिनीवर लूमचे बोल्ट बसवायची भोकं राहिली होती, चार-चारच्या गटाने, आणि तेलाचे काळे डाग. आय मोजत न जाता सरळ चौथ्या जागी गेली. वाकून तिने हात टेकवला. सिमेंटच होतं ते. जरा वेळाने माझ्या हाताचा आधार घेऊन उठली.

"सोमवारी किती वाजता जायचा?" तिने विचारलं.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "काय जादू केलीस रे?" मी म्हटलं, बोललो तिच्याशी. त्या संध्याकाळी जेवताना सगळ्यांना गोष्ट हवी होती. मी चपलांची सांगितली. रखवालदाराची नक्कल केली, महिला मंडळाची केली, ड्युटीवरच्या मुलीची केली. वहिनीला हसून ठसका लागला. आय भात कालवत होती. मला कोणीतरी दुसराच माणूस सांगतोय आणि मी ऐकतोय असं वाटत होतं.

सोमवारी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर झाडाखाली वकिलाने आयला प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. ती अंगठा देते, म्हणून सगळं मोठ्याने वाचावं लागतं. वकील भरभर वाचत होता. "मला माझ्या मयत पतीपासून एकूण दोन अपत्ये झाली असून..."

"तीन," आय म्हणाली.

वकील थांबला. "दोन, आजी. हे मोठे, हे धाकटे."

"तीन झाली. एक मेली."

दादा हसत म्हणाला, "आय, काय बोलतेस? वेळ कुठली, आणि तुझं काय." मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि त्याचं हसणं राहून गेलं.

"आजी, मेलेल्या बाळाचा यात संबंध नसतो," वकील समजावू लागला. "ते वारस होत नाही. लिहिलं काय, न लिहिलं काय, सारखंच."

"सारखाच हाय तर लिवा."

"पुन्हा टाइप करावं लागेल. आपला नंबर येईल एवढ्यात."

"मी बसते," असं म्हणून ती झाडाच्या पारावर बसली.

दादा व्यवहारी माणूस. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याने अर्ध्या तासात दहा माणसांना फोन लावले असते. तो माझ्याकडे आला. "तुला म्हायती व्हता?" एरवी बाहेर तो शहरी बोलतो.

"शनिवारपासून."

"मना बोलला न्हायस."

"नाही."

"जेवताना एवढा बोललास."

दादा कागद घेऊन टायपिंगच्या टपरीवर गेला, मी मागे गेलो. टायपिस्टने विचारलं, "नाव काय लिहू मुलीचं?" दादाने माझ्याकडे बघितलं, मी आयकडे गेलो, परत आलो आणि सांगितलं की बारसं झालं नव्हतं. टायपिस्टला रोज असे कागद येत असावेत. त्याने विचारलं, किती दिवसांची? आणि दादाने, ज्याला पाच मिनिटांपूर्वी काही माहीत नव्हतं, माझ्याआधी सांगितलं, "चार." आयने त्याला एवढ्यात कधी सांगितलं होतं, मला कळलं नाही.

आमचा नंबर गेला होता, दुसरा मिळाला. आयने ते पुन्हा वाचायला लावलं. "पैकी पहिली मुलगी जन्मानंतर चौथ्या दिवशी मयत." ती म्हणाली, बरोबर. अंगठा दिला. आत कॅमेऱ्यापुढे बसवून ऑफिसातल्या बाईंनी तिचा फोटो काढला, मग दादाचा, मग माझा. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

परत येताना दादा गाडी चालवत होता. आय पुढे, मी मागे. कामतघरचं वळण आलं आणि गेलं. दादा या रस्त्यांवर लहानाचा मोठा झाला आहे. मला वाटलं पेट्रोल भरायचं असेल. मग पंपही गेला. गावाबाहेर पडलो, वाडा तालुक्याच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना गोडाऊन, मग थोडी शेतं. आयलाही रस्ता कळत होता, ती खिडकीतून बघत बसली. असे आम्ही वीसेक किलोमीटर, थेट अंबाडीपर्यंत गेलो. नाक्यावर दादाने गाडी बाजूला घेतली, हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"आय, चहा घेतेस?" त्याने विचारलं.

"घेते," ती म्हणाली.